दोरीचा हुंकार

“सूनबाई, दोरी कापू नोको. तुह्या दिव्याले हुंकार देता येत नाई.”

इंद्रभानकाका हे बोलले तेव्हा कात्री माझ्या हातात होती. मी ऐकलं, हसले आणि दोरी कापली. ती राहिली असती तर काका आज बोलत असते. नक्की बोलत असते असं डॉक्टर म्हणाले नाहीत, “शक्यता होती” एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दामुळं मला अजून झोप लागत नाही.

काका माझे चुलत सासरे. केनवडच्या नाटकात चाळीस वर्षं सांगत्याचं काम त्यांच्याकडे होतं. शहरात ज्याला प्रॉम्प्टर म्हणतात तो आमच्याकडे सांगत्या. विंगेत उभं राहून नाही, खड्ड्यात बसून सांगायचं. आमचा रंगमंच म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा सिमेंटचा ओटा. त्याच्या पुढच्या कडेला मधोमध हौदासारखा चौकोनी खड्डा आहे, आणि त्यावर लोकांच्या बाजूनं टिनाचा टोप. सांगत्या त्यात पोत्यावर बसतो, मांडीवर नाटकाची वही, हातात टॉर्च. लोकांना दिसतो फक्त टोप. नटाला दिसतो फक्त टॉर्चचा उजेड. विंगेतल्या माणसाला फार तर त्या उजेडाची कड दिसते, माणूस नाही.

म्हणून दोरी. काकांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला तिचं एक टोक बांधलेलं असायचं. ओट्याच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांवरून ती विंगेपर्यंत जायची, आणि दुसरं टोक पडदा ओढणाऱ्या किशनच्या मनगटाला. काकांनी तीन हिसके दिले की पडदा. पण त्याहून मोठं काम वेगळंच होतं. दर प्रवेशाच्या सुरुवातीला किशन एक हिसका द्यायचा आणि काका अंगठ्यानं उलटा एक हिसका द्यायचे. याला मंडळात हुंकार म्हणत. आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं “हूं” म्हणावं लागतं ना, तसा. हूं आला नाही तर सांगणारा थांबतो, झोपलास का म्हणून विचारतो. किशनला हुंकार आला नाही तर त्यानं पडदा सोडायचा, मग ओट्यावर राजा असो नाहीतर यम. एकदा काकांच्या खड्ड्यात विंचू निघाला होता, तेव्हा असाच भर प्रवेशात पडदा पडला होता, असं सांगतात.

हे सगळं मला लग्नानंतर कळलं. मी वाशीमच्या कॉलेजात तीन वर्षं युवा महोत्सवात नाटक केलेलं. बक्षिसं आहेत. केनवडचं मंडळ सात-आठ वर्षं बंद पडलं होतं. हनुमान जयंतीला नाटक पुन्हा बसवायचं ठरलं तेव्हा पोरं माझ्याकडे आली. माझ्या नवऱ्यानं, हरीओमनं, तोंडभर कौतुक केलं, आणि दहा महिन्यांच्या रेणूला कडेवर घेऊन मी तालमीला जायला लागले. बायकांनी नावं ठेवली. “लेकरू दूध पेते अन् माय नाटक बसवते,” असं मी जाताना ऐकू येईल इतक्या हळू बोलत.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नाटकाचे इंग्रजी शब्द शिकवले. हा बॅकड्रॉप, ही विंग, हा क्यू, हे ब्लॉकिंग, इथं ब्लॅकआउट. काका देवळाच्या खांबाला टेकून ऐकत होते.

“ब्लॅकआउट म्हंजे?”

“एकदम अंधार करायचा, काका.”

“त्याले नाटक कायले लागते? तो तं लाइन गेली का दर मंगळवारी होते.”

पोरं हसली. मीही हसले, पण मला ते लागलं. मग काका म्हणाले, “अन् क्यू म्हंजे?”

“इशारा. मी इथून दिला की समोरच्यानं काम करायचं.”

“अन् त्यानं तुले काय द्याचं?”

“काही नाही. त्यानं करायचं फक्त.”

“हं,” काका म्हणाले. त्यांची ती “हं” मला तेव्हा चिडवणारी वाटली.

दोरी मी त्या इंग्रजी शब्दांपायी कापली नाही, हे खरं आहे आणि मला सांगायलाच हवं. तालमीच्या पंधराव्या दिवशी रेणू सतरंजीवर रांगत होती. मी अमरदीपला उभं कुठं राहायचं ते दाखवत होते. अमरदीप आमचा मुख्य नट, दोन भावांतला थोरला. नाटक वाटणीचं होतं, सगळं वाटून झालं आणि विहिरीवर अडलं असं, विनोदी. मी मागे वळले तर रेणू ओट्याच्या कडेला पोचलेली, आणि दोरीचा एक वेढा तिच्या गळ्याशी. वेढा सैलच होता. ती हसत होती, दोरी तोंडात घालत होती. पण मी अशी ओरडले की देवळातली कबुतरं उडाली.

मला लेकराची भीती वाटते. पहिल्यापासून. मी झोपेतून उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. ऊन ऊन श्वास बोटाला लागला की मग मी श्वास घेते. सासू म्हणते, “इतकं पाहून पाहून लेकराले नजर लागन.” असेल. त्या दिवशी मी तिला उचललं, छातीशी धरलं आणि रंगभूषेच्या डब्यातली कात्री काढली.

“लेकराले दोरीपासून दूर ठेव ना, माय,” काका म्हणाले. “दोरीनं काय केलं? लेकराची जागा बदल, दोरीची कायले बदलवतं?”

“काका, आता कोणी दोऱ्या वापरत नाही. हरीओम तुमच्या खड्ड्यात लाल बल्ब बसवून देतील. बटण माझ्याजवळ. मी दाबलं की तुम्हाला कळेल.”

“मले कयन. तुले कसं कयन?”

आणि मग ते दिव्याच्या हुंकाराचं बोलले. मी म्हटलं, “काका, तुम्हाला झोप लागली तर माणसं पाठवू उठवायला!” सगळे हसले. काकाही हसले. कात्री बोथट होती, दोन-तीनदा दाबावी लागली. काकांच्या अंगठ्याकडचा हातभर तुकडा लोंबत राहिला. तो त्यांनी टाकला नाही, गाठ सोडून, घडी करून खिशात ठेवला.

नाटक संध्याकाळी सात वाजता सुरू झालं. दीडशे माणूस होतं. काकांची बायको, मनकर्णाकाकू, पात्रांना साड्या नेसवून देत होत्या. देवळाशेजारची अंगणवाडीची खोली म्हणजे आमची ग्रीनरूम. तिथं रेणूला झोळीत निजवलं होतं आणि काकूंची नजर तिच्यावर होती. तरी मी दर दहा मिनिटांनी विंगेतून जाऊन बोट धरून येत होते.

पहिला अंक चांगला गेला. विंगेत मला काकांचा आवाज यायचा, वाऱ्यानं पान घासावं तसा. नट अडखळला की तो आवाज अर्धं वाक्य पुढे सरकवायचा आणि नट ते पकडायचा. लोकांना पत्ता नाही. चाळीस वर्षांची कला होती ती, आणि मी कॉलेजात अशी कुठं पाहिली नव्हती.

मध्यंतरात काका वर आले. आता लिहायचं आहे ते नीट लिहिते, कारण मला सगळं दिसलं होतं. कोणी म्हणतं, तुला काय माहीत. मला माहीत होतं. मी बघणारी बाई आहे.

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. काकूंनी काकांना चहा दिला. काकांनी उजव्या हातात कप धरला आणि तो निसटला. फुटला नाही, स्टीलचा होता. चहा मागच्या पडद्याच्या कडेवर उडाला. मी म्हटलं, “काका, बॅकड्रॉपवर नका ना सांडू! कालच रंगवलाय.”

काकांनी हाताकडे पाहिलं. हात उघडला, मिटला. मग काहीतरी बोलले. शब्द तोंडात घोळल्यासारखे आले. मला वाटलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लाय. दातांमागं खर्रा धरून बोलायची त्यांना सवय होतीच. काकू म्हणाल्या, “आज तं खर्रा राहू द्याचा होता जरासा. सून काय म्हनन?” आणि काका तोंडाच्या एका बाजूनं हसले. एका बाजूनं. तेही मी पाहिलं.

“बरं वाटतंय ना, काका?” मी विचारलं. विचारलं हे खरं, पण विचारतानाच मी तिसऱ्या घंटेकडे निघाले होते. त्यांनी मान हलवली. मी ती मान हो म्हणून धरली.

दुसरा अंक सुरू झाला. दहाएक मिनिटं पान घासल्यासारखा तो आवाज येत होता, आधीपेक्षा हळू. मग आला नाही.

अमरदीप अडला. विहिरीवरचं त्याचं मोठं भाषण होतं, आणि तो “या विहिरीचं पानी...” म्हणून थांबला. पुन्हा म्हणाला, “या विहिरीचं पानी...” मी बटण दाबलं. ओट्याच्या कडेला लाल उजेड पडलेला मला विंगेतून दिसला. म्हणजे काकांना मिळालाच असणार. खड्ड्यातून शब्द आला नाही. अमरदीप धाकट्या भावाकडे वळला आणि म्हणाला, “या विहिरीचं पानी पेलं की मानूस बोलाचं विसरते, पाह्य माहंच काय झालं!” लोक खो खो हसले. धाकट्यानंही स्वतःचं काहीतरी जोडलं. मग दोघं सुटलेच. संहितेत नसलेलं, एकाहून एक.

किशन पडद्याची दोरी धरून माझ्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, “वैनी, काका गप काहून हायत?”

“रागावलेत माझ्यावर,” मी म्हणाले. “मघाशी मी त्यांना चहावरून बोलले ना. त्या अमरदीपला एकदा तोंडघशी पडू देतो असं परवा म्हणतही होते.”

“हुंकार घेता आला असता.”

“किशन, विंगेत बोलायचं नाही.”

 त्याचा हात सवयीनं मनगटाशी गेला, जिथं ती दोरी असायची. तो म्हणाला, “मी जाऊन पाहू का?” खड्ड्याकडे जायचं तर लोकांपुढून जावं लागतं. मी म्हटलं, चालू प्रयोगात कोणी प्रेक्षकांपुढून जात नाही. मला कॉलेजात हेच शिकवलं होतं. टॉर्चचा उजेड टोपाखालून दिसतच होता. झोपलेल्या माणसाचा टॉर्च पडतो, असं मी मनात म्हटलं. मी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. मधे एकदा जाऊन रेणूच्या नाकाखाली बोट धरून आले. श्वास ऊन होता.

नऊला सहा मिनिटं कमी असताना पडदा पडला. टाळ्या बराच वेळ चालल्या. मंडळाची रीत अशी की शेवटी पहिला नारळ सांगत्याला द्यायचा. सगळे ओट्यावर ओळीनं उभे राहिले. अमरदीप खड्ड्याकडे वाकून ओरडला, “ओ काका, या वर! तुमी झोपले म्हून माहं नाव झालं आज!” लोक पुन्हा हसले.

किशननं टोप उचलला.

काका बसलेलेच होते. पाठ खड्ड्याच्या भिंतीला, मान उजव्या खांद्यावर. वही मांडीवर, एकेचाळिसावं पान. टॉर्च गुडघा आणि भिंतीच्या मधे अडकून वर पाहत होता. डोळे उघडे. ते आमच्याकडे पाहत होते, आम्हाला ओळखत होते. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ सदऱ्यावर आलेली. खर्रा नव्हता. उजवा हात मेलेला.

आणि डाव्या पायाचा अंगठा हलत होता. त्याला तो हातभर तुकडा बांधलेला होता. कधी बांधला होता कोण जाणे. बहुतेक खाली उतरल्यावर, सवयीनं. तीन हिसके, थांबून पुन्हा तीन हिसके. पडदा पाडा. दुसरं टोक पोत्यावरच्या धुळीत पुढेमागे होत होतं. धुळीत बोटाएवढी रुंद रेघ पडली होती.

काकू अंगणवाडीतून रेणूला घेऊन आल्या होत्या. त्यांनी खड्ड्यात पाहिलं, मग माझ्याकडे. लेकरू माझ्या हातात दिलं आणि खाली उतरल्या.

गाडी मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. रिसोड, तिथून वाशीम, तिथून अकोला. अकोल्याला डोक्याचा फोटो निघेपर्यंत पाऊण वाजला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत एक इंजेक्शन देता येतं, म्हणाले. कधी सुरू झालं?  मी सांगितलं, “आठ वाजून पाच मिनिटांनी. हातातून कप पडला होता.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “थोडं लवकर आला असता तर,” एवढं म्हणाले, आणि मग तो शक्यतेचा शब्द.

गावात मला कोणी दोष दिला नाही. वाईट तर तेच. “देवापुढं बसून झालं, पुण्यवान मानूस,” असं म्हणाले. अमरदीपच्या त्या हशाच्या जागा मोबाइलवर फिरल्या. मीही तो व्हिडिओ पाहिला, एकटीनं, आवाज मोठा करून. काकांचा आवाज कुठं थांबतो ते ऐकू येतं. त्यानंतर ओट्याच्या कडेला लाल उजेड दिसतो आणि जातो. मी मोजलं, सात वेळा. दर वेळी लोक हसतायत.

याला आता दीड वर्ष झालं. काकांना सगळं कळतं. बोलता येत नाही, उजवी बाजू हलत नाही. काकूंना सकाळी दहा ते पाच लोकांच्या शेतात निंदणाला, सोंगणीला जावं लागतं. मूलबाळ नाही. पहिल्या महिन्यात काकूंनी काय केलं, तर पिवळी नायलॉनची दोरी आणली. एक टोक काकांच्या डाव्या पायाला, सैल गाठीनं. तिथून खिडकीच्या गजातून बाहेर, आणि दुसरं टोक बाहेरच्या ओट्यावरच्या खुंटीला, फास करून. जाणारा-येणारा हिसका देईल, काका उलटा देतील.

सुरुवातीला लोक द्यायचे. मग विसरले. मी विसरले नाही. रोज अकराला आणि तीनला, रेणूला कडेवर घेऊन. एकदा तीनला हुंकार आला नाही. मी आत धावले तर काका खाटेवरून अर्धे खाली, तोंड उशीत. त्या दिवशी वाचले.

आता हरीओमला संभाजीनगरच्या कंपनीत काम लागलं आहे. येत्या सोमवारी आम्ही निघतो. परवा काकूंना सांगायला गेले. त्या भाकरी थापत होत्या.

“जाय ना, माय,” म्हणाल्या. “लेकराचं पाह्य.”

“काकू, दुपारी दोरी कोण ओढेल?”

“गाव हाय ना.”

मी रेणूला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

“गाव तं तवाही होतं,” त्या म्हणाल्या. “दीडशे मानूस होतं समोर. हासत होतं.” भाकर उलटली. “तुले म्हून नाई म्हनून राह्यली मी. तुवा तं इचारलं तरी होतं, बरं वाटते का म्हून. मी एवढी मोठी बाई, खर्रा म्हनलं मी.”

एवढ्या दिवसांत ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदा काढली. मी रडले. त्यांनी रेणूच्या हातात भाकरीचा पापुद्रा दिला आणि म्हणाल्या, “रडू नोको लेकरापुढं. जाताना त्याले एक हिसका देऊन जाय.”

दिला. काकांनी उलटा दिला. मग थोडं थांबून आणखी एक, मी न मागितलेला.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही रिसोडच्या रस्त्यानं कधी आलात, तर केनवडला उतरा. स्टँडवरून मारुतीच्या देवळाकडे चला, पिठाची चक्की लागली की डावीकडे. निळ्या दाराचं तिसरं घर, ओट्यावर खुंटी, खुंटीला पिवळी दोरी. दहा ते पाचच्या मधे कधीही. एकच हिसका द्या, जोरात नको, आणि उभे राहा. काकांना वेळ लागतो, वीसपर्यंत आकडे मोजा. दोरी तुमच्या हातात ओढली गेली तर तुमच्या वाटेनं जा. नाही ओढली गेली, तर हाका मारत बसू नका, रागावले असतील असं समजू नका. दाराला नुसती कडी आहे, कुलूप नाही. आत जा.